दोन तासांची सोबत

दुसऱ्यासाठी एक तास राबा, एक तास खात्यात जमा. मग गरज पडली की तुमच्याकडेही कुणीतरी येईल, अशी नागरी केंद्राची योजना. दवाखान्याच्या रांगेतल्या लोकांचे फॉर्म भरून देऊन तिने बारा तास साठवले होते. घरचं काम मात्र धरत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं ती सात वर्षं करत होती, ते बिनहिशेबी.

आज कंबरच धरली, तेव्हा तिने दोन तास मोडले. केंद्राच्या अर्जात लिहिलं, 'सासूबाईंपाशी कुणाला तरी बसायला पाठवा.'

अर्ध्या तासात केंद्रातून फोन आला. "ताई, एका आजारी आजींजवळ दोन तास बसायचंय. आमच्या यादीत सगळ्यात जवळ तुम्हीच राहता. जाल ना?"

पत्ता तिचाच होता. समजावत बसायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "जाते," म्हणून तिने फोन ठेवला आणि औषधाची बाटली घेऊन पलंगापाशी येऊन उभी राहिली.

"कोण येतंय गं बसायला?" सासूबाईंनी विचारलं.

"मीच."

सासूबाई कशाबशा भिंतीकडे सरकल्या. "मग टेक की इथे. सात वर्षं नुसती उभीच आहेस."