बुधवारचं अंडं

शाळेत खिचडी रांधणाऱ्या रंभाबाईंना हेडमास्तर मोठ्या कौतुकानं सांगायचे, "मावशी, आता कॉम्प्युटर बंद पडला तरी फिकीर नाही. सगळे फोटो ऑनलाइन ठेवलेत. कधीही, कुठूनही उघडा, कालच काढल्यासारखे ताजे!"

दर बुधवारी पोरांना अंडं दिल्याचा फोटो सोलापूरच्या ऑफिसला पाठवायचा नियम होता. जूनपासून शाळेकडं एक अंडं फिरकलं नव्हतं, पण सरांचा फोटो एकदाही चुकला नव्हता.

आजही त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मोबाईलवर फोटो उघडला, पाठवला आणि चहाचा कप उचलला. रंभाबाईंनी मागून डोकावून पाहिलं. फोटोत त्यांचीच नात होती, संस्कृती. हातात सोललेलं अंडं, पुढचे दोन दात पडलेले, आणि तरी तोंडभर हसू. तीच संस्कृती आत्ता समोरच्या पंगतीत नुसती पिवळी खिचडी चिवडत बसली होती. रंभाबाई हातातला डाव खाली ठेवून म्हणाल्या,

 

"सर, तुमच्या फोटोतले पडल्याले दात पोरीला कवाच परत आले की वो. अंडं कवा यायचं?"