उजवं पाऊल

पहिलीच्या लेकरांना शाळेत न्यायला बैलगाडी सजली होती खरी. गाडीवान कवडूनं बैलांची शिंगं रंगवली होती, गाडीला आंब्याचे डहाळे बांधले होते, चौथीतले तिघे पुढे उभे राहून डफडं बडवत होते. पण गाडीत बसायचं कोणी? ललिताबाईंच्या दारासमोर ती अर्धा तास उभी होती. यंदा गावात पहिलीत जायच्या वयाचं लेकरू एकच, आणि ते म्हणजे ललिताबाईंची नात आचल.

"आई, सांगतलं ना तुमाले, नऊले व्हॅन येते," सून रश्मी आतून म्हणाली. ती आचलच्या गळ्यात सडक अर्जुनीच्या कॉन्व्हेंटचा टाय अडकवत होती. "तिथं वर्गात चाळीस पोट्टे हायत. इथं ही एकटी. बोलन कोनाशी, भिंतीशी?"

ललिताबाई सोळा वर्षं गावच्या आशाताई, त्याआधीची पंधरा वर्षं सुईण. दर महिन्याला तालुक्याला कागद धाडायच्या, आणि गेले सात महिने त्या कागदावर 'जन्म' या शब्दापुढे त्यांच्याच अक्षरात 'निरंक' लिहिलेलं होतं. पहिलीला एकही नाव आलं नाही तर शाळा बंद, असं साहेब येऊन सांगून गेले होते. मग उरलेल्या आठ पोरांनी हमरस्ता ओलांडून पलीकडच्या गावी जायचं. त्या रस्त्यावर ट्रक कसे धावतात ते काय कोणाला सांगायला हवं!

"येक चक्कर तं मारू दे तिले गाडीत," त्या शेवटी म्हणाल्या. "मंग मीच व्हॅनमंधी बसवून देईन."

रश्मीनं सुस्कारा सोडला. आचल तोवर टायसकट, अनवाणीच पळत जाऊन गाडीत चढलीसुद्धा.

गाडी निघाली. डफडं ऐकून दारादारांत बायका आल्या, फुलं टाकू लागल्या, आणि ललिताबाईंची मान आपोआप खाली गेली. यातली एकेक बाई त्यांनीच जीपमध्ये बसवून ऑपरेशनला नेलेली. गावातल्या दोघी जणी सहाव्या बाळंतपणात गेलेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणून तर दोनवर थांबा गं बायांनो, थांबा, म्हणत त्यांनी सगळ्यांचे उंबरे झिजवले होते. त्यात खोटं काहीच नव्हतं.

अनुसयाबाईनं दारातून हाक दिली. "काऊन वो ललिताबाई, येकच?"

"येकच."

"तू म्हनली दोनवर थांबा, आमी थांबलो. आमचे पोट्टे येकावर थांबले. माहा चंद्रकुमार तं पुन्याले बसला हाय, लगनच नाही करत म्हनते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच ललिताबाईंना जास्त लागलं. "आता कोनाले काय सांगशीन तू?"

ललिताबाई पुढे चालत राहिल्या.

शाळेत दुलीचंद गुरुजी वाट पाहत होते. या शाळेची एक रीत होती. नव्या पोरानं पहिल्या दिवशी गेरूच्या पाण्यात उजवं पाऊल बुडवून पांढऱ्या पुठ्ठ्यावर उमटवायचं. दर वर्षाचा एक पुठ्ठा, तो वर्गाच्या भिंतीवर लागायचा. दाराजवळच्या जुन्या पुठ्ठ्यावर सतरा पावलं होती. पुढे अकरा, सहा, तीन, तीन. गेल्या वर्षी दोन.

थाळीत गेरू कालवून तयार होता. पण आचलच्या गळ्यातला टाय पाहिला आणि गुरुजींनी थाळी मागे सरकवली.

"बाई, पाऊल घेतलं म्हणजे नाव घ्यावं लागते. ही तं चालली ना कॉन्व्हेंटला? खोटं पाऊल मी भिंतीवर नाही लावत."

फाटकाबाहेर पिवळी व्हॅन येऊन थांबली, भोंगा वाजला. रश्मी गाडीच्या मागोमाग आलीच होती. तिच्या हातात बूट-मोजे होते.

"गुरुजीचं बराबर हाय," ललिताबाई म्हणाल्या. "चाल बेटा, मम्मी थांबली हाय."

आचल कुठली ऐकते! तिनं थाळीत पाय घातला आणि पुठ्ठ्यावर ठपकन उजवं पाऊल उमटवलं. मागे सरून पाहिलं. एवढ्या मोठ्या पुठ्ठ्यावर ते एवढंसं, एकटंच. तिनं थोडा विचार केला. मग डावा पाय गेरूत बुडवला आणि जरा अंतर सोडून बाजूला ठेवला.

"डावं नसते उमटवत बेटा," गुरुजी म्हणाले.

"हे माहं नाही," आचल म्हणाली. "हे माह्या बाजूले बसनारीचं हाय." मग आईकडे वळली. "पाह मम्मी, आता मी एकटी नाही."

डफडं थांबलं होतं. व्हॅनचा भोंगा दुसऱ्यांदा वाजला, मग तिसऱ्यांदा. बूट घालायचे तर आधी पाय धुवायला हवे होते. रश्मीनं माठातून लोटाभर पाणी घेतलं आणि लेकीपुढे उकिडवी बसली. त्या दोन लाल पायांवर तिनं लोटा धरला, कलताही केला. पण तिच्यानं पाणी ओतवेना.