गोष्टीतला नवरा

"इथं थांबायचं, काकू. इथं डोळे पुसायचे."

अर्हम शिकवत होता आणि तुळसाबाई मुकाट ऐकत होती. आत, वाशिमच्या सभागृहात, पुण्याचे व्यापारी येऊन बसले होते. त्यांना हळद पसंत पडली, तर किन्हीराजा गावातल्या तिच्या बचत गटाच्या बायांना वर्षभर काम. नाही तर बायांच्या हळदीच्या गिरणीला कुलूप.

अर्हम जवळच्याच मालेगावच्या फूलचंद शेठचा मुलगा. माल कसा विकायचा ते पुण्याला जाऊन शिकून आलेला. पोरगं मनानं चांगलं, पण शिक्षण ताजं होतं ना! म्हणे, गोष्टीशिवाय माल खपत नाही आणि खलनायकाशिवाय गोष्ट उभी राहत नाही. म्हणून त्यानं तुळसाबाईला एक दारुडा, मारकुटा नवरा करून दिला होता.

खरा नवरा, मारोतराव, हळदीच्या पिशव्या घेऊन दाराशीच उभा होता. त्या माणसानं जन्मात दारूला हात लावला नव्हता. हळद शिजवायला तो बायांच्या बरोबरीनं राबायचा, म्हणून गाव त्याला 'बायांतला मारोती' म्हणायचं. तुळसाबाई मात्र त्याचं नाव कधी घेत नसे. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे सासूनं मनात भरवलेलं. दवाखान्यात कोणी नाव विचारलं, तरी ती पोरीला, वैष्णवीला, पुढं करायची.

"असं कसं सांगू मी, वैष्णवीचे बाबा?"

"सांग व," मारोतराव हसला. "माह्या बदनामीनं बायांची गिरणी चालत असंन, तं चालू दे. गाव ओयखते मले."

आत जाऊन तुळसाबाईनं माइक धरला. गरिबी, कुडाचं घर, उपाशी लेकरं. तेवढं खरंच होतं, भराभर आलं. मग ती जागा आली.

"माह्या नवऱ्यानं..."

ती थांबली. डोळे पुसले. अर्हम खूश झाला. अगदी शिकवल्यासारखं!

पण तिला दाराशी मारोतराव दिसला होता. मान खाली घालून, ऐकायची तयारी करून उभा.

"नाही, बाप्पा," ती म्हणाली. "माहा नवरा तसा नाही. ही हळद त्यायनंच शिजवली. लोक हसले, तरी शिजवली. ते पाहा, तिथं उभे हायेत."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. अर्हमनं कपाळाला हात लावला.

पहिल्या रांगेतले म्हातारे व्यापारी हसले. "मग पिशवीवर हीच गोष्ट छापू, बाई. नाव काय त्यांचं?"

बायांत बसलेली वैष्णवी सवयीनं उठली. तुळसाबाईनं तिला हातानंच खाली बसवलं. पदर सावरला.

"मारोतराव," ती म्हणाली.