माघारीचा अर्ज

"आडनाव आधी लिहिलंत," कारकून म्हणाले आणि त्यांनी कागद परत सरकवला. "उमेदवारी अर्जात ते शेवटी आहे. माघारीच्या अर्जातही तसंच लागतं. त्रुटी."

शिवणबाईंनी मान खाली घातली. त्यांच्या मागे उभे असलेले मेहुणे घड्याळाकडे बघून समजूतदारपणे हसले. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. माघारीची मुदत तीनपर्यंत.

मेहुणे म्हणजे आमदारसाहेबांचे, पण अख्खं गाव त्यांना मेहुणेच म्हणायचं. नाही म्हणणार कोण? साहेबांच्या विरोधात उभे राहिलेले सहा जण त्यांनी आठवडाभरात घरी बसवले होते. कुणाला गोडीत, कुणाला दमात. उरली होती ही शिवणक्लास चालवणारी एकटी बाई. ती का उभी राहिली हेच मुळात कुणाला कळलं नव्हतं. तिनं अर्ज मागे घेतला की साहेब पाचव्यांदा निवडून येणार, तेही बिनविरोध. सुंठीवाचून खोकला जाणार.

बाईंचा धाकटा भाऊ खाली जीपमध्ये बसला होता. सकाळपासून. दोन्ही बाजूंना मेहुण्यांची दोन माणसं. "तुमचा अर्ज आत गेला की तो घरी जाईल," मेहुणे जिन्यात म्हणाले होते. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

मेहुण्यांनी अर्ज स्वतःच दोन मिनिटांत भरून टाकला असता. पण तो उमेदवारानं स्वतःच्या हातानं भरायचा, असा नियम होता आणि भिंतीवर निवडणूक खात्याचा कॅमेरा होता. आवाज चढवायचीही सोय नव्हती.

"नवा अर्ज द्या," ते म्हणाले.

कारकून उठले. गावात त्यांचं नाव त्रुटीकाका. बावीस वर्षं तहसील कचेरीत त्याच टेबलावर, अर्ज कसलाही असो, तपासणार तेच. माणूस लाचखाऊ नव्हता, कुणाचा वैरीही नव्हता. स्वभावच तसा, त्याला औषध नाही. जन्मताना त्यांनी सुईणीकडेही दोन प्रती मागितल्या असतील, असं लोक म्हणत. त्यांनी कपाटाचं कुलूप काढलं, एक कोरा अर्ज घेतला, कुलूप पुन्हा लावलं, रजिस्टरमध्ये अर्जाचा नंबर लिहिला, पेनाला टोपण लावलं आणि मग अर्ज दिला.

दुसऱ्या अर्जात बाईंनी ठिकाणाच्या चौकटीत तारीख घातली. त्रुटी. कपाट, कुलूप, रजिस्टर, टोपण. तिसऱ्यात एका आकड्यावर आकडा गिरवला.

"खाडाखोड," काका म्हणाले.

मेहुणे खाली वाकले. "ताई, जरा नीट. भाऊ उपाशी आहे सकाळपासून." बाईंच्या ज्या हातानं कापलेला कपडा आजवर सूतभरही चुकला नव्हता, त्याच हाताला साधा एक अर्ज जमेना.

मेहुणे तडक साहाय्यक अधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेले आणि तसेच बाहेर आले. काकांची बरोबरची खूण झाल्याशिवाय अधिकारी सही करणार नव्हते. मागे एकदा केली होती, तर कोर्टात उभं राहावं लागलं होतं.

चौथा अर्ज मेहुण्यांनी शेजारी उभं राहून भरून घेतला. प्रत्येक शब्दावर बोट. दोन बावन्नला बाईंनी खाली सही केली आणि मेहुण्यांनी तो कागद काकांपुढे अक्षरशः आपटला.

काकांनी चष्मा पुसला. उमेदवारी अर्ज काढला. दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या.

"तिकडे पूर्ण सही आहे. इथे नुसती आद्याक्षरं."

"अहो, तिचीच सही आहे ना? तुमच्यासमोर केलीय."

"माझ्यासमोर चुकीची केलीय," काका म्हणाले आणि कपाटाकडे निघाले.

पाचव्या अर्जाचा नंबर रजिस्टरमध्ये उतरत असतानाच केबिनचं दार उघडलं. अधिकारी घड्याळाकडे बघत म्हणाले, "वेळ संपली. रिंगणात दोन उमेदवार."

मेहुणे काकांच्या टेबलावर ओणवले. कॅमेऱ्याकडे पाठ करून, दातांवर दात ठेवून बोलले.

"बावीस वर्षं तुझी बदली आम्ही अडवली, ती काय यासाठी? तुझ्या त्रुटींना कंटाळून माणसं बंगल्यावर यायची, साहेबांची चिठ्ठी न्यायची, जन्मभर मिंधी राहायची. म्हणून ठेवला होता तुला इथं."

काकांचा चेहरा उतरला. आपण काम चोख करतो म्हणून इथे आहोत, असंच त्यांना बावीस वर्षं वाटत होतं.

मेहुणे जिना उतरले. खिडकीतून त्यांचा आवाज आला. "सोडा त्याला. जा रे घरी. तुझ्या बहिणीनं केलं सगळं सांगितल्यासारखं, हा म्हातारा आडवा आला." शिवणबाई खिडकीशी गेल्या. भाऊ कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

काकांनी चार रद्द अर्ज एकाखाली एक लावले. मग थांबले. पुन्हा एकदा पाहिले.

"बाई, मागच्या वर्षी आईच्या उपचारांच्या कार्डासाठी तुम्ही यायचात. चार वेळा परत पाठवलं मी. नाव, तारीख, खाडाखोड, सही. याच चार चुका, याच क्रमानं. दर वेळी समजावून सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं होतंत, काका. कार्ड मिळालं तेव्हा आई नव्हती." बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "पण तेव्हा त्या चुका खरंच चुकून झाल्या होत्या."