हट्टी डाग

मुलाच्या हट्टापायी काकूंनी घर रंगवायला काढलं, पण खुर्चीमागच्या भिंतीवरचा तेलकट डाग रंगाचे तीन हात देऊनही वर येत होता. “आला का रे पुन्हा?” काकू रोज रंगाऱ्याला विचारत. “आला. फारच हट्टी आहे, काकू!” त्या गालातल्या गालात हसत; मुरलेल्या रंगाऱ्याला ते हसणं टोमण्यासारखं झोंबे. काकू दोन दिवस लेकीकडे गेल्या, तेव्हा त्याने तेवढी भिंत खोलवर खरवडली, खड्डे लांबीने बुजवून रंगवली. त्या परतताच तो अभिमानाने म्हणाला, “बघा, आता जन्मात येणार नाही!” काकूंनी गुळगुळीत भिंतीवर तळहात ठेवला. “तीस वर्षं आमचे हे इथेच डोकं टेकून बसायचे. तेवढंच उरलं होतं त्यांचं.” रंगाऱ्याचा चेहरा उतरला. “काम मात्र चोख केलंस हो,” त्यांनी त्यालाच धीर दिला. मग विचारलं, “खरवडलेलं कुठे टाकलंस?”