शोकेसमधला किल्ला

कॅनडातल्या महेंद्रकाकानं माझ्यासाठी ठोकळ्यांच्या किल्ल्याचा खोका पाठवला, तेव्हा मी दुसरीत होते. तो सेट भारतात विकायलाच येत नाही, हे कळल्यावर पप्पांनी खोका थेट शोकेसमध्ये ठेवला आणि काचेला कुलूप लावलं. केडगावच्या आमच्या घरी कुणीही पाहुणा आला, की चहाच्या आधी तो खोका दाखवला जायचा. "इकडं पैसे टाकूनबी मिळत न्हाई. माझ्या धाकट्या भावानं धाडलाय."

मी हट्ट केला की म्हणायचे, "नंदे, दहावी पास हो, मग फोड." मग दिवाळीत मी दारात मातीचा किल्ला करायचे आणि बुरूज कसे काढायचे ते काचेतून त्या खोक्यावरच्या चित्रात बघून यायचे.

यंदा दहावीचा निकाल लागला. पप्पांनी खोका देवापुढं ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि माझ्या हातात दिला. मी चिकटपट्टी काढली. आत चुरगळलेले इंग्रजी पेपर होते. नुसते पेपर.

पप्पांनी तिथंच फोन लावला. काका हसतच सुटला. "दादा, फोडला व्हय? आतला किल्ला आमच्या पोरानं तवाच बांधला. तुमी शोकेसातच ठेवणार, म्हणून मोकळा खोका पाठवला."

 

काल सुप्याचे पाहुणे आले, तेव्हा पप्पांनी काचेत परत ठेवलेल्या खोक्याकडं बोट दाखवलं, "इकडं मिळत न्हाई. माझ्या धाकट्या भावानं धाडलाय."