दोन कप किसलेलं चीज

तिसऱ्यांदा कप भरून तिने तो वजनकाट्यावर ठेवला. पहिल्यांदा शहात्तर ग्रॅम, मग अठ्ठ्याऐंशी, आता एक्क्याऐंशी. कप तोच, किसणी तीच, चीजही एकाच ठोकळ्यातलं, आणि मेळ म्हणून बसेना.

आईच्या वहीत मॅकरोनीच्या पानावर एवढंच होतं: किसलेलं चीज, दोन कप. काल तिने नेटवर पाहून एका कपाला शंभर ग्रॅम धरले होते. वडिलांनी चार घास खाल्ले आणि "छान झालंय" म्हणाले. परक्यांच्या घरी म्हणतात तसं.

दुपारच्या गाडीने तिला परत जायचं होतं. आईचा हा कपच मागून नेला असता, तर प्रश्न मिटला असता. पण आई गेल्यापासून वडील सकाळचा चहा त्याच कपातून घेत, आणि मागणं तिच्या जिवावर आलं. ग्रॅमचा आकडा कुणाचं काही न हिरावता नेता येतो.

"स्वयंपाक चाललाय की औषधाच्या पुड्या बांधतेयस?" वडील दारात उभे होते.

ती हसली नाही. हॉस्पिटलच्या औषधविभागात पंधरा वर्षं काढली होती तिने. मिलिग्रॅमचीही चूक कधी होऊ दिली नव्हती.

"बाबा, आई कप सपाट भरायची की शिगोशीग?"

"ती कुठे भरायची!"

"म्हणजे?"

"किसायचा भारी कंटाळा तिला. बोटं सोलवटतात म्हणे. किसायचं मी, भरायचं मी. तुम्हा पोरांना वाटायचं, सगळं आईच करते. महाराणी नुसती हुकूम सोडायची."

तिने कप रिकामा करून काट्यासकट त्यांच्यापुढे सरकवला. वडिलांनी हात धुतले, पुसले, बाह्या वर केल्या. मूठभर कीस कपात टाकला आणि अंगठ्याने दाबून खाली बसवला. त्यावर आणखी मूठभर, पुन्हा अंगठा.

"दाबून भर म्हणायची. मोकळं भरलं, तर निम्मी हवाच येते ताटात."

तिने पेन्सिल उचलली. शंभर. एकशे बारा. एकशे अठरा. इतकी वर्षं जी चव तिने आईच्या हाताची म्हणून जपली, ती या जाड अंगठ्याखाली दबून तयार होत होती. कीस कपाच्या काठाला टेकला. वडील थांबले नाहीत.

"पण किती भरायचं, बाबा?"

"ती पुरे म्हणेपर्यंत."

पेन्सिल वहीवर टेकली ती तिथेच राहिली. वडिलांनी वर पाहिलं नाही. आणखी एक चिमूट, आणखी एकदा अंगठा. कीस आता कपाबाहेर काट्यावर सांडत होता आणि आकडा चढतच होता. वडिलांचं लक्ष आकड्याकडे नव्हतंच. मान जराशी कलती करून ते ऐकत असल्यासारखे उभे होते.

"पुरे, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

वडिलांनी मान हलवली आणि ठोकळा पुन्हा किसणीवर धरला.

"छे. इतक्यात पुरे म्हणायची नाही ती."